प्रतिसाद: 'नामु' लिहायचं आणि 'नाम' म्हणायचं

शिखांच्या ग्रंथसाहिबाची सुरुवात ज्याने होते त्या मूलमंत्रात 'सतिनामु', 'पुरखु', 'मूरति' असं लिहिलेलं असताना पाठ करणारे 'सतनाम', 'पुरख', 'मूरत' असं का म्हणतात, असा वर प्रश्न आलाय. ती त्यांची चूक नव्हे. प्रचलित पाठात शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व उकार किंवा इकार बहुतेक ठिकाणी उच्चारत नाहीत. तो तिथे असतो तो बहुतेकदा व्याकरणासाठी.

'सबदु' म्हणजे कर्ता किंवा कर्म, पुल्लिंगी एकवचन. 'सबद' झालं की अनेकवचन, किंवा 'शब्दाच्या' असा अर्थ. 'सबदि' म्हणजे शब्दाने, शब्दात. मूलमंत्राचा शेवट बघा: 'गुर प्रसादि'. 'गुर'ला उकार नाही, कारण अर्थ 'गुरूच्या' असा आहे. आणि 'प्रसादि'तला इकार 'कृपेने' असं सांगतो. दोन शब्दांत दोन विभक्त्या, पण जोडलेला स्वतंत्र प्रत्यय एकही नाही! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ती ओळ कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ज्ञानेश्वरीतलं 'देवा तूंचि गणेशु' आठवा. तोच प्रथमेचा उकार. फरक एवढाच की आपण ओवी म्हणताना तो स्पष्ट उच्चारतो.

अनुस्वाराचं मात्र उलटं आहे. पुष्कळ ठिकाणी तो लिहिलेला नसतो, पण म्हणावा लागतो. म्हणून नुसत्या देवनागरी लिप्यंतरावरून पाठ करू नका. ग्रंथाची मूळ लिपी गुरुमुखी शिका, पाठ करणाऱ्या जाणत्या माणसाजवळ बसून ऐका. सुरुवात नामदेवांच्या पदांपासून करा. ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत.