कोंबड्यानं कोंबडीची कूस फाडली, आता तो लेकीच्याही अंगावर जातोय, काय करू?

परसातली_कोंबडी:
नमस्कार सगळ्यांना. आम्ही संगमेश्वरजवळ राहतो, परसात 5 गावरान कोंबड्या आणि 2 कोंबडे आहेत. त्यातला मोठा 9 महिन्यांचा. तो पिल्लू असताना त्याच्या आईला मुंगसानं नेलं म्हणून माझ्या लेकीनं त्याला हातावर वाढवला, तिच्या खांद्यावर बसायचा, हातातून कणी खायचा. गेल्या महिन्याभरात पार बदललाय. दिवसभर एका तांबडीच्याच मागे, बाकीच्या पळून जातात पण ही गरीब, जागच्या जागी बसते. तिच्या पाठीवरची पिसं गेलेली दिसत होती पण मला वाटलं पिसं झडायचे दिवस असतील. काल तिन्हीसांजेला डालग्याखाली घालायला उचलली तर हाताला ओलं लागलं, पंख वर करून बघते तर कुशीची दोन इंच कातडी फाटलेली, आतलं मांस दिसतंय. हळद आणि खोबरेल लावलंय. दाणे थोडे खाते, दोन दिवस अंडं नाही. पावसाचे दिवस, माशा खूप.
आज सकाळी त्यानं लेकीच्या पोटरीवर उडी मारली, रक्त आलं, ती 6 वर्षांची आहे, आता दारातपण जात नाही. सासूबाई म्हणतात कोंबडा राखणेला, म्हणजे गावच्या राखणदार देवाच्या मानाला, बोललेला आहे, विकायचा नाही की आधी कापायचा नाही, आणि राखण अजून दीड महिना लांब. हे मुंबईला असतात. तांबडी वाचेल का? प्लीज लवकर सांगा.

जुना_ड्रेसर:
ताई, खातेय म्हणजे आशा आहे, पण आजच हात लावा, उद्यावर ढकलू नका. मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, अशा कुशीच्या जखमा पुष्कळ बघितल्यात. कोंबडा वर चढला की त्याच्या पायामागच्या काट्यानं कातडी फाटते आणि पंखाखाली झाकली जाते म्हणून चार चार दिवस कळत नाही.
पहिलं म्हणजे ती हळद धुवून काढा. खरचटल्यावर हळद ठीक आहे पण खोल जखमेत तिची खपली धरते आणि खाली पू होतो. 1 लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात 9 ग्रॅम मीठ म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे, आणि सुई काढलेल्या सिरिंजनं हळूहळू धार सोडत धुवा. कोंबडीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या, डोळे झाकले की शांत राहते. जखमेत चिकटलेली पिसं ओढू नका, कडेची कात्रीनं कापा. मग बीटाडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करा आणि ते लावा. दिवसातून दोनदा.
अळ्या आहेत का ते उजेडात नीट बघा, पांढरं वळवळताना दिसलं तर चिमट्यानं एकेक काढायची. फिनेल, रॉकेल, डांबरगोळीची पूड असलं काहीही ओतू नका, गुरांना लोक लावतात पण कोंबडी त्यानं दगावते. तिला घरात ठेवा, खाली जुनं सुती कापड घाला, भाताचं तूस नको, ते जखमेत चिकटतं. वरून मच्छरदाणीचा तुकडा टाका म्हणजे माशी बसणार नाही.
आपल्या घरातल्या तापाच्या, दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. 1962 ला फोन करा, सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, नाहीतर टोपलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्या. फाटलेलं ताजं असेल तरच टाके घालतात, जुनं झालं की उघडं ठेवूनच भरवतात, ते डॉक्टर बघून ठरवतील. अँटिबायोटिक दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत ते विचारून घ्या. जखमेला वास आला किंवा तिनं खाणं सोडलं तर वाट बघू नका.
आणि लेकीची जखम साबणानं भरपूर धुवून आरोग्य केंद्रात दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का ते तिथं सांगतील. हे विसरू नका.

माळावरचा:
कोंबडीचं वर आलंय, मी कोंबड्याबद्दल सांगतो. 5 माद्यांत 2 नर, ताई इथंच गणित चुकलंय. 8 ते 10 माद्यांमागे एक नर पुरतो. दोन असले की चढाओढीनं दोघंही सारखे चढतात आणि जी पळत नाही तिच्यावर सगळा भार येतो. पिल्लं नको असतील तर एकपण कोंबडा लागत नाही, अंडी कोंबडी तशीच देते, बऱ्याच लोकांना हे खरं वाटत नाही.
हातावर वाढलेले नर मोठे झाल्यावर माणसाला बिचकत नाहीत, म्हणून तेच जास्त अंगावर येतात. लेकीनं लाड केले म्हणून बिघडला असं तिला कुणी बोलू नका, तिचा काही दोष नाही. पण पोरांची उंची कमी, ते खाली बसले की डोळे त्याच्या टप्प्यात येतात, त्यामुळे मोठं माणूस असल्याशिवाय आणि तो मोकळा असताना तिला परसात सोडायचं नाही.
काठीनं मारू नका, लाथ मारू नका, त्याला ती मारामारीच वाटते आणि परत दुप्पट जोरानं येतो. पाठ फिरवून पळूपण नका. सूप किंवा टोपली पुढं धरून हळू चालायचं. रात्री अंधारात शांत असतो तेव्हा उचलून काट्याचं फक्त टोक कानशीनं घासून बोथट करा. मुळाशी कापू नका, आत हाड असतं आणि रक्त थांबत नाही.
खरं सांगतो, काही कोंबडे सुधारतात, काही नाही. हा मुलीवर आलाय, मी याची पिल्लं ठेवणार नाही.

परसातली_कोंबडी:
दोघांचे खूप आभार. धुताना चार अळ्या निघाल्या, माझे हात थरथरत होते पण काढल्या. लेकीला इंजेक्शन दिलं. डॉक्टर उद्या येतो म्हणालेत. पण कोंबड्याला दीड महिना ठेवू कुठं? आणि सासूबाईंचं मन मोडायचं नाहीये.

तळकोकणातली:
अगं मोडायचं कशाला, राखणेचा कोंबडा वेगळा ठेवायला कुणाचीच ना नसते, उलट त्याला नीट सांभाळलेला बरा. पडवीत चार फूट बाय चार फूट जाळी लावून दे, बसायला आडवी काठी, दाणापाणी आत. धाकट्यालापण तांबडी बरी होईपर्यंत वेगळा ठेव. आणि तांबडीला दिवसातून थोडा वेळ टोपलीतूनच बाकीच्यांना दिसेल अशी ठेव, नाहीतर महिन्यानं सोडलीस की परकी समजून त्याच तिला टोचतील. जखम लाल दिसतेय तोवर मात्र त्यांच्यात सोडू नको, लाल दिसलं की कोंबड्या टोचतातच. माझी एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, अशीच लवकर सोडली होती, दुपारपर्यंत टोचून टोचून मारली, अजून वाईट वाटतं.
बिनमिठाचा सुका जवळा दे, पिसं यायला मदत होते. मुळासकट उपटलेली पिसं महिना दोन महिन्यांत येतात, तुटून खुंट राहिलेली मात्र पुढची पिसं झडेपर्यंत तशीच. तोवर जाड सुती कापडाचं जाकीट शिवून पाठीवर घाल, पंखांखालून इलास्टिक, पण जखम पूर्ण भरल्यावरच. ओलं झालं की लगेच बदल.

परसातली_कोंबडी:
आज सहावा दिवस. डॉक्टरांनी टाके घातले नाहीत, इंजेक्शन दिलं आणि धुणं चालू ठेवायला सांगितलं. जखम कडेनं गुलाबी होऊन आत आत येतेय, वास नाही. आज तिनं जवळ्याची वाटी रिकामी केली. कोंबडा पडवीत जाळीत आहे, सासूबाईंनी स्वतः काठी बांधून दिली. लेक लांबून त्याला कणी टाकते, जवळ जात नाही, मीपण जा म्हणत नाही. जाकिटासाठी जुनी चादर काढून ठेवलीय, माप पाठीवर कुठून कुठपर्यंत घेऊ?

तळकोकणातली:
मानेच्या मुळापासून शेपटीच्या वर दोन बोटं. शेपूट मोकळी राहू दे.