नँड डंपमध्ये बॅड ब्लॉक, पुढचं सगळं सरकतंय

लॅमिंग्टन रोडवरून जुना राउटर आणला, त्याच्या लिनक्समधूनच नँडडंप (नँड फ्लॅश मेमरीची प्रत काढणारी कमांड) मारला, पण मधे दोन बॅड ब्लॉक (मेमरीचे खराब भाग) आहेत आणि तिथून पुढे ऑफसेट (डेटाची सुरुवातीपासूनची जागा) जुळतच नाहीत, काय करू?

– नँडडंपला स्किपबॅड ऑप्शन लावलं असशील. ते खराब ब्लॉक गाळतं, १२८ केबीचा ब्लॉक असेल तर पुढचा डेटा तेवढा मागे येतो. त्याऐवजी पॅडबॅड लाव, ते खराब ब्लॉकच्या जागी एफएफ (रिकाम्या फ्लॅशचा बाइट) भरतं.

– मी डंपबॅडच घेतो (खराब ब्लॉकही जसेच्या तसे येतात), ओओबीसकट, म्हणजे प्रत्येक पेजच्या जादा जागेसकट (स्पेअर एरिया), कारण फॅक्टरी मार्कर (खराब ब्लॉकवर कारखान्यातच केलेली खूण) बहुतेक चिपमध्ये स्पेअर एरियातच असतो. आणि खराब ब्लॉकवर इरेज जबरदस्तीने मारू नकोस रे, मार्कर पुसला की गेला, माझी एक चिप अशीच वाया गेली.

– पॅडबॅडने जमलं! यूबीआयचं (फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारी लिनक्सची व्यवस्था) हेडर आता प्रत्येक चांगल्या ब्लॉकच्या सुरुवातीला दिसतंय, खूप आभार दोघांचे.