घरकुलाचा निधी: जागा पाहून द्यावा की माणसं पाहून?

चाळकरी
पंतप्रधान आवास योजनेत (शहरी) २०१५ पासून राज्य वा खासगी विकासकांच्या भागीदारीतल्या प्रकल्पांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या दर घरामागे केंद्राचे दीड लाख आणि आपल्या राज्याचे एक लाख मिळत आले. पहिल्या टप्प्यात अट अशी होती की प्रकल्पात किमान २५० घरं हवीत आणि त्यातली ३५ टक्के या गटासाठी. प्रस्ताव आधी राज्याच्या समितीकडे, मग दिल्लीच्या. ठाणे असो की लातूर, रक्कम तीच! ठाण्यात अडीच लाखांत जमिनीचा तुकडा तरी येतो का? मग विकासक स्वस्त जमीन शोधत गावाबाहेर जातो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिथून कामावर यायला दोन रिक्षा बदलाव्या लागणार असतील, तर ती ते घर घेईल कशाला? मंजुरी देताना कामाच्या जागेपासूनचं अंतर, पाणी आणि बस यांनाही गुण द्या, आणि जमीन महाग तिथे रक्कम वाढवा.

सोलापूरकर
साफ असहमत. आमच्या कुंभारीचं रे नगर बघा. कामगार नेते नरसय्या आडम ऊर्फ आडम मास्तरांच्या पुढाकाराने उभा राहिलेला, विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांचा ३०,००० घरांचा प्रकल्प. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी झाली, जानेवारी २०२४ मध्ये पहिली १५,००० घरं ताब्यात आली. कुंभारीही शहराबाहेरच आहे. तुमच्या गुणांच्या हिशेबात हा प्रकल्प मागेच पडला असता. पण इथे राहणारे आधी संघटित झाले आणि इमारती नंतर उठल्या. घरं घेणारे आधी ठरलेत का, एवढंच बघून पैसे द्या.

चाळकरी
घेणारे आधी ठरणं मोलाचं आहे, हे पूर्ण मान्य. पण विडी घरी बसून वळता येते, माल तेवढा पोचवायचा असतो. भांडी घरी बसून घासता येत नाहीत. सोलापूरला जमलं ते ठाण्याला जमेल असं कसं धरायचं?

रानवाट
मुळात मध्ये विकासक हवाच कशाला? स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यालाही तेच अडीच लाख मिळतात, टप्प्याटप्प्याने थेट खात्यात. काम कुठवर आलं ते फोटोवरून कळतं. सगळा निधी इकडेच वळवा.

भाडेकरू
रानवाट, जागा ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी हे ठीक. आमच्याकडे जागेचा कागदच नाही, त्यामुळे अर्ज खिडकीवरूनच परत आला. आणि हप्ते कामाच्या प्रगतीवर मिळतात. हाताशी पैसा नसेल तर काम पुढे सरकवायला उसनवारी आलीच. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचाही घटक आहे, त्यावर इथे कुणी बोलत नाही. मला मालकी नको, कामाजवळ परवडेल अशी खोली हवी.

सोलापूरकर
भाड्याची घरं सांभाळणार कोण? नगरपालिकेला आहेत त्या इमारतींची गळती थांबवता येत नाही. घर कामगाराच्या नावावरच हवं, यावर मी ठाम आहे.

भाडेकरू
मग देखभालीचा पैसा मंजुरीतच धरा. सांभाळायला कुणी नाही म्हणून आम्हाला यादीतूनच वगळू नका.