हॉलच्या फलकावर के. आर. नारायणन का हवेत: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की हॉलमध्ये मुलांचा ‘आपले राष्ट्रपती’ फलक लावायचा आहे. जागा सहा फोटोंची. राजेंद्रबाबू, राधाकृष्णन, झाकीर हुसेन, कलाम, प्रतिभाताई आणि द्रौपदी मुर्मू अशी यादी केली आहे. कोणाला काही सुचवायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा. उद्या मारुती मंदिर भागात प्रिंटला देतो.

बी-२०३ (बाई): मला सुचवायचं आहे. के. आर. नारायणन. फोटो लहान करा, ओळी कमी करा, पण ते हवेतच. मुलांना शाळेत ‘पहिले दलित राष्ट्रपती’ एवढंच सांगतात आणि धडा पुढे जातो. त्या खुर्चीत बसून त्यांनी काय केलं, ते कोणी सांगतच नाही.

सी-३०१ (काका): बाई, तुमचा मान राखून विचारतो. राष्ट्रपतीला करायला असतं काय? मंत्रिमंडळाने पाठवायचं, यांनी सही करायची. मग नारायणन काय आणि दुसरे काय!

बी-२०३ (बाई): काका, नेमकं त्याचसाठी नारायणन हवेत. ऑक्टोबर १९९७ आठवा. दिल्लीत पंतप्रधान गुजराल यांचं सरकार, लखनौमध्ये उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री, भाजपचे कल्याणसिंह. विधानसभेत माइक आणि खुर्च्या फेकून मारामारी झाली होती, पण कल्याणसिंहांनी बहुमत दाखवलं होतं. तरीही राज्यपाल रोमेश भंडारींनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली, केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मान्य करून राष्ट्रपती भवनात पाठवली. नारायणन यांनी सही केली नाही. फेरविचार करा म्हणून कागद परत पाठवला. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कलम ७४ मध्ये ही सोय झाली आहे. सल्ला एकदा परत पाठवता येतो, तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र मानावाच लागतो. गुजराल सरकारने तो पुन्हा पाठवलाच नाही. आता हे बघा, नारायणन आधी काँग्रेसचे खासदार आणि मंत्री होते. गुजराल सरकार टिकून होतं काँग्रेसच्याच पाठिंब्यावर. आणि वाचलं कोणाचं सरकार? भाजपचं.

सी-३०१ (काका): बरं. मग भाजपचं सरकार दिल्लीत आल्यावर?

बी-२०३ (बाई): तेव्हाही तेच. सप्टेंबर १९९८ ला वाजपेयी सरकारने बिहारमधलं राबडीदेवींचं सरकार बरखास्त करायची शिफारस पाठवली, तीही परत गेली. दोन्ही वेळा माप एकच लावलं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा बोम्मई निकाल सांगतो की बहुमत आहे की नाही ते सभागृहात ठरतं, राजभवनात नाही.

सी-३०१ (काका): पण फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारवर सही केलीच ना त्यांनी? मला चांगलं आठवतंय.

बी-२०३ (बाई): केली. शंकरबिघा आणि नारायणपूरला दलितांची हत्याकांडं झाली, त्यानंतर शिफारस पुन्हा आली होती. आणि पुढे काय झालं तेही आठवा. राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं, म्हणून महिन्याभरात राजवट मागे घ्यावी लागली, राबडीदेवी परत मुख्यमंत्री. पहिल्यांदा ‘थांबा, विचार करा’ म्हणणारा माणूस बरोबर होता की नाही, सांगा तुम्हीच.

ए-४०४ (वहिनी): बाई, आमच्या घरात दोघंही हे मोठ्याने वाचतायत 🙏 मुलांना समजेल असं त्यांच्या लहानपणाचं काही आहे का? धाकटा तेच लिहून काढेल म्हणतो. हे बागेत फवारणीला गेलेत, आल्यावर त्यांनाही वाचायला देते.

बी-२०३ (बाई): खूप आहे. केरळात कोट्टायमजवळचं उझवूर हे त्यांचं गाव. वडील आयुर्वेदाची औषधं देणारे वैद्य, सात भावंडं, घरात कायमची ओढाताण. शाळेला रोज पंधरा-एक किलोमीटरची पायपीट, तीही भाताच्या बांधांवरून. आपल्याकडे आषाढात पऱ्ये भरून आले की बांधावरून चालणं काय असतं, ते तुमच्या मुलांना वेगळं सांगायला नको. फी थकली की वर्गाबाहेर उभं राहायला लागायचं. ते बाहेर उभे राहून शिकवणं ऐकायचे. पुस्तकं विकत घ्यायची ऐपत नव्हती. मोठा भाऊ दम्याने घरीच असायचा, तो दुसऱ्यांची पुस्तकं मागून आणायचा आणि हाताने उतरवून धाकट्याला द्यायचा. धाकट्याला लिहू दे, पण या भावाला वगळायचं नाही असं सांगा त्याला.

त्रावणकोर विद्यापीठात इंग्रजी साहित्यात पहिले आले. मग मुंबईत पत्रकारिता केली, १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथेच गांधीजींची मुलाखत घेतली. टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. तिथेच त्यांच्या आधी बाबासाहेब शिकले होते, ज्यांचं मूळ गाव आपल्या मंडणगडातलं आंबडवे. नारायणन यांचे प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की. त्यांनी नेहरूंच्या नावाने चिठ्ठी दिली होती. १९४८ ला परत आल्यावर नारायणन भेटीला गेले आणि सगळं बोलणं होईपर्यंत ती चिठ्ठी काढलीच नाही, निघताना दिली. पुढच्या वर्षी परराष्ट्र सेवेत रुजू झाले.

डी-२०२ (दादा): त्यांच्या पत्नी ब्रह्मदेशातल्या ना? पाहुण्यांना आपल्या रत्नागिरीतला थिबा राजवाडा दाखवताना मी हे नेहमी सांगतो.

बी-२०३ (बाई): हो दादा. मा टिंट टिंट. रंगूनला नेमणूक असताना ओळख झाली. परराष्ट्र सेवेतल्या माणसाला परदेशी मुलीशी लग्न करायला खास परवानगी लागायची, ती नेहरूंनी दिली. १९५१ ला दिल्लीत लग्न झालं, त्या उषा नारायणन झाल्या. आपल्याला ब्रह्मदेश माहीत तो इंग्रजांनी इथे आणून ठेवलेल्या थिबा राजामुळे. १८८६ ला आणला, १९१६ ला इथेच गेला. त्याच देशाची मुलगी पुढे भारताच्या राष्ट्रपती भवनात राहायला आली, हे रत्नागिरीच्या मुलांना ठाऊक असायलाच हवं. दादा, पाहुण्यांना हेही सांगत जा.

डी-२०२ (दादा): नक्की 👍 फलकाखाली लिहाच हे.

सी-३०१ (काका): राजकारणात कधी आले? ९७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत शिवसेनेचा पाठिंबा माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांना होता, त्यामुळे आमच्याकडे तेव्हा चर्चा सगळी शेषन यांचीच.

बी-२०३ (बाई): १९८४ ला. त्याआधी थायलंड, तुर्कस्तान, चीन, अमेरिका इथे राजदूत. १९७६ ला चीनला गेले ते पंधरा वर्षांत तिथे गेलेले पहिले भारतीय राजदूत, ६२ च्या युद्धाच्या आधीपासूनच संबंध बिघडलेले होते. मग ओट्टपालममधून तीनदा लोकसभा, राजीव गांधींच्या काळात मंत्रिपद, १९९२ ला उपराष्ट्रपती. शेषन यांच्याविरुद्ध त्यांना सुमारे ९५ टक्के मतं पडली. आणि १९९८ ला पदावर असताना रांगेत उभं राहून लोकसभेसाठी मतदान केलं. त्याआधी कोणत्याही राष्ट्रपतीने पदावर असताना मत दिलं नव्हतं.

सी-३०१ (काका): हे माहीत नव्हतं. तरी माझं एक मत कायम आहे. राष्ट्रपतीने सरकारच्या धोरणावर जाहीर बोलू नये. २००० साली वाजपेयी सरकारला संविधानाचं पुनर्विलोकन करायचं होतं, त्यावर ते बोलले, ते मला तेव्हाही खटकलं होतं.

बी-२०३ (बाई): तुम्हाला खटकलं, मला तेच फार मोलाचं वाटतं. २७ जानेवारी २०००, संसदेचा सेंट्रल हॉल, प्रजासत्ताकाची पन्नास वर्षं, समोर पंतप्रधान बसलेले. त्यांनी विचारलं की संविधान आपल्याला कमी पडलं की आपण संविधानाला कमी पडलो? हे त्यांनी खासगीत नाही विचारलं, सगळ्या देशाला ऐकू येईल असं विचारलं. फेरविचाराची कारणंही ते लोकांपुढे मांडायचे. ज्याच्या हातात सत्ता नाही, त्याने निदान कारणं तरी उघड सांगायला हवीत.

ए-१०२ (सेक्रेटरी): वाचलं सगळं. कडेची फुलांची नक्षी काढून टाकली तर सात फोटो बसतात. नारायणन घेतोय. बाई, मजकूर पाच ओळींत द्या, थिबा राजवाडा धरून.

बी-२०३ (बाई): देते. पण फेरविचाराची ओळ कापायची नाही.

सी-३०१ (काका): नका कापू. बाई, ते २७ जानेवारीचं भाषण मराठीत मिळेल का? पूर्ण वाचून मग बोलतो.

बी-२०३ (बाई): इंग्रजीत आहे माझ्याकडे. महत्त्वाचा भाग मराठीत लिहून काढते, सकाळी खाली आणून देते.