अ‍ॅजिनकोर्टची लढाई (1415) टेबलावर मांडायची आहे : प्रमाण, संख्या आणि चिखल

खुंटेवाला
28 मिलिमीटरच्या फिगर (रंगवायचे छोटे सैनिक) वापरून 25 ऑक्टोबर 1415 रोजी उत्तर फ्रान्समध्ये झालेली अ‍ॅजिनकोर्टची लढाई मांडण्याचा विचार आहे. टेबल सहा बाय चार फुटांचे, म्हणजे साधारण 180 बाय 120 सेंटिमीटरचे आहे. पूर्वापार सांगितले जाणारे आकडे, म्हणजे इंग्रज 6,000 आणि फ्रेंच 24,000 च्या आसपास, धरले आणि एका फिगरला 50 माणसे असे प्रमाण ठेवले, तर फ्रेंचांच्याच जवळजवळ 500 फिगर रंगवाव्या लागतील, आणि ते माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. दुसरी अडचण खेळाची आहे. इंग्रज जिंकले हे सर्वांना ठाऊक असताना फ्रेंच बाजू कोणी आनंदाने का घ्यावी? नियम घरगुती असले तरी चालतील, मात्र लढाईचे मर्म हरवू नये.

दुहेरी_फासा
आधी इंग्रज रंगवायला घ्यावेत, कारण 6,000 ला एकास 50 धरले किंवा 8,500 ला एकास 70, तरी त्यांच्या फिगर 120 च्या आसपासच राहतात. इतिहासकार अ‍ॅन करी यांनी वेतनाच्या नोंदी तपासून इंग्रज सैन्य 9,000 च्या जवळ आणि फ्रेंच सुमारे 12,000 असा अंदाज मांडला आहे. एका फिगरला 70 माणसे धरली, तर 7,000 तिरंदाजांच्या 100 आणि दीड हजार चिलखती योद्ध्यांच्या 20-21 फिगर होतात, आणि फ्रेंचांना 170 पुरतात.

आता जमीन पाहू. एक सेंटिमीटर म्हणजे 6 मीटर असे प्रमाण घेतले आणि दोन रानांमधली मोकळी जागा 750 मीटर मानली, तर ती टेबलावर 125 सेंटिमीटर भरते. दोन्ही कडांना सुमारे 27 सेंटिमीटर रुंदीची झाडी राहते, एका बाजूला अ‍ॅजिनकोर्टची आणि दुसऱ्या बाजूला ट्रामकूर गावाची. 60 मिलिमीटर रुंदीच्या बेसवर (फिगर एकत्र चिकटवायच्या पट्टीवर) दोन रांगांत सहा फिगर बसवल्या, तर इंग्रजांचे 20 बेस 120 सेंटिमीटर व्यापतात आणि त्या मोकळ्या जागेत नेमके मावतात. मध्यभागी इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री, उजवीकडे यॉर्कचा ड्यूक आणि डावीकडे लॉर्ड कॅमॉइज अशी मांडणी करावी.

सकाळी दोन्ही सैन्ये बराच वेळ एकमेकांसमोर नुसती उभी होती, तो भाग टेबलावर आणण्यात अर्थ नाही. हेन्री पुढे सरकून बाणाच्या टप्प्यात आला आणि तिरंदाजांनी आपले अणकुचीदार खुंटे पुन्हा जमिनीत रोवले, तिथून पहिली चाल सुरू करावी. त्या वेळी दोन ओळींत 40 ते 45 सेंटिमीटर अंतर असावे.

फ्रेंचांची तिसरी, घोड्यावरची फळी प्रत्यक्षात जवळजवळ लढलीच नाही, म्हणून ती टेबलाबाहेर मानावी आणि रंगवूच नये. आघाडीला 14 बेस, मागच्या फळीला आठ ते दहा आणि बगलांवर प्रत्येकी तीन स्वारांचे दोन-दोन बेस ठेवले की काम भागते.

झाडीतला_स्वार
फ्रेंचांच्या कमी आकड्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि मला स्वतःला मोठा आकडा अधिक पटतो. तरीही त्यासाठी जास्त फिगर लागत नाहीत. आघाडीचे नष्ट झालेले बेस दोन चालींनंतर टेबलाच्या फ्रेंच कडेवरून मागची फळी म्हणून परत आणावेत. इंग्रज खेळाडूला ही संख्या संपतच नाही असे वाटू लागते, आणि त्या दिवशी खुंट्यांमागे उभ्या असलेल्या माणसांनाही हेच वाटले असणार.

चिखलाविषयी मात्र तडजोड करू नये. रात्रभर पाऊस पडला होता, शेत नुकतेच नांगरलेले होते आणि आधीच्या घोडदौडीने ते आणखी तुडवले गेले होते, म्हणून फ्रेंच पायदळाचे एका चालीतले अंतर निम्मे ठेवावे आणि सलग दोन चाली पुढे आलेल्या बेसला थकव्याची खूण लावावी. शिवाय फ्रेंच उमरावांचे लक्ष सामान्य तिरंदाजांकडे नव्हते, तर खंडणी मिळवून देणाऱ्या चिलखती योद्ध्यांकडे होते, म्हणून आघाडीच्या प्रत्येक बेसने जवळच्या इंग्रज निशाणाकडेच वळावे. यातून गर्दी आपोआप होते. ज्या बेसला मागून आणि दोन्ही बाजूंनी स्वपक्षाचेच बेस चिकटले असतील, त्याच्या फाशातून दोन वजा करावेत. लढाईचे मर्म या एका नियमात आहे, बाणांत नाही.

मातीचा_किल्ला
नांगरटीसाठी पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद भिजवून सोलून काढावा, आतल्या पन्हळी म्हणजे तयार सऱ्या. त्यावर फेव्हिकॉलमध्ये कालवलेली चाळलेली माती पातळ फासावी आणि वाळल्यावर गडद तपकिरी रंग देऊन खळग्यांत चकचकीत वॉर्निश सोडावे, म्हणजे साचलेले पाणी दिसते. गवतासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा पुरतो. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव उगवते तसे इथे उगवू देऊ नये, ऑक्टोबरअखेरचे ते पेरलेले शेत आहे.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात स्प्रे प्राइमर (फिगरवर रंगाआधी द्यायचा थर) दमट हवेमुळे पांढुरका आणि खरखरीत बसतो. त्या महिन्यांत ब्रशने लावायचे प्राइमर वापरावे.

खुंटेवाला
गर्दीचा नियम घेतो, आणि प्रमाणही एकास 70 ठरवतो. पण फ्रेंच खेळाडूच्या उत्साहाचा प्रश्न उरतोच. त्याचे हात असे बांधले, तर तो फक्त फासे टाकणारा हमाल होईल.

दुहेरी_फासा
त्याचे हात दोन ठिकाणी मोकळे सोडावेत. प्रत्यक्षात फ्रेंचांनी आपले क्रॉसबोधारी मागे ठेवले आणि त्यांचा जवळजवळ उपयोगच केला नाही. खेळात ते पुढे आणायचे की नाही, हा निर्णय त्याचा असावा. सरसेनापती दाल्ब्रे आणि मार्शल बूसिको यांचे म्हणणे त्यांच्याहून थोर घराण्यांतल्या सरदारांनी नीट ऐकले नाही, म्हणून दर चालीला एक फासा टाकून किती फळ्या आज्ञा मानतात ते ठरवावे. पाच किंवा सहा पडले, तर त्या चालीत निशाणाकडेच वळण्याचे बंधन सुटते आणि आघाडी तिरंदाजांवर वळवता येते.

इंग्रजांचे बाणही अमर्याद नकोत. सहा चालींनंतर मारा थांबावा, मात्र तिरंदाज तेव्हा मोडीत निघत नाहीत. ते कुऱ्हाडी, तलवारी आणि खुंटे ठोकायच्या मोगऱ्या घेऊन दमलेल्या चिलखतवाल्यांच्या बगलेवर तुटून पडले होते, तसा हक्क त्यांना इथेही द्यावा.

विजयाचे मोजमाप वेगळे ठेवल्यास फ्रेंच बाजू घ्यायला माणसे मिळतात. हेन्रीला लढाई जिंकण्यापेक्षा सैन्य इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले बंदराला पोहोचवायचे होते. बाराव्या चालीअखेर इंग्रजांचे आठ बेस गेले असतील, किंवा फ्रेंचांचा एक बेस जरी हेन्रीच्या निशाणाला भिडून एक चाल टिकला असेल, तरी विजय फ्रेंचांचा मानावा.