स्कॉर्पिओ फोर-बाय-फोरला इंटरकूलर: वरचाच जाड की पुढे मोठा?

मदत हवी आहे. गाडी स्कॉर्पिओ ४×४, २.२ लिटर एमहॉक, १२० बीएचपी, २०१२ची. रीमॅप (इंजिनाच्या संगणकातल्या सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केलेला नाही, करायचाही नाही. मूळ इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारा) बॉनेटच्या स्कूपखाली, म्हणजे वारा आत घेणाऱ्या तोंडाखाली, इंजिनावर आहे. आता म्हातारा झालाय, फिन्स (पातळ पत्र्या) वाकल्यात.

मे महिन्यात चार माणसं आणि सामान घेऊन माळशेज चढताना, ट्रकमागे रांगत, ओबीडीवर (गाडीच्या संगणकाला जोडलेल्या रीडरवर) इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान ८० अंशांवर जातं. मोकळ्या हायवेवर उतरतं. म्हणजे स्कूपला वारा मिळाला की ठीक, नाहीतर खालून इंजिन भाजतंय.

एअर फिल्टर, होज, क्लॅम्प नवे. प्रेशर टेस्टमध्ये गळती नाही. इंटरकूलर आतून धुतला, बरंच तेल निघालं, फरक नाममात्र.

मेकॅनिक म्हणतो, गाडीच्या पुढे जाळीमागे मोठा इंटरकूलर लाव. पण तो एसीच्या कंडेन्सरपुढे येणार, मग रेडिएटरची हवा अडणार. शिवाय लांब पाइपांमुळे टर्बो लॅग (पेडल दाबल्यावर जोर यायला लागणारा उशीर) वाढेल, आणि चिखलात मला कमी आरपीएमचाच जोर लागतो. बजेट २५ हजार.

मूळ जागेवरच जाड बार-अँड-प्लेट कोर (पट्ट्या आणि पत्रे जोडून केलेला इंटरकूलरचा भक्कम गाभा) आणि वर पंखा बसवून रांगत्या चढावर कुणाचं तापमान खरंच उतरलंय का? किती अंशांनी, आणि बॉनेटखाली किती जाडीचा कोर मावला?