मदत हवी आहे: तपासण्या निर्दोष, तरी बहिणीला नीट दिसत नाही

नमस्कार. मी ऐरोलीत राहते. वडील गेल्यानंतर दीड महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला कडेचे दिसेनासे झाले. दारात रांगोळी काढताना समोरचा ठिपका तिला स्पष्ट दिसतो, पण शेजारचा शोधायला मान वळवावी लागते, आणि रेघ तिथेच तुटते.

डोळ्यांचा पडदा, ओसीटी (त्या पडद्याच्या थरांचे स्कॅन), मेंदूचा एमआरआय सगळे व्यवस्थित आले. पहिल्या ठिकाणी "मनाचे खेळ आहेत" एवढेच ऐकवून आम्हाला परत पाठवले, ते तिच्या फार जिव्हारी लागले. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र तिला तपासणीच्या फलकापासून आधी १ आणि मग २ मीटरवर बसवून दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर समोर स्थिर ठेवून किती भाग दिसतो ते, तपासले. अंतर वाढले की दिसणारे वर्तुळ मोठे व्हायला हवे, तिचे तेवढेच राहिले. डोळा आणि नस शाबूत असून मेंदूच्या कामकाजात अडथळा आल्याची ही खूण आहे, ती ढोंग करत नाही, असे त्यांनी तिच्यासमोरच सांगितले. त्या दिवशी ती प्रथमच पोटभर जेवली.

वडिलांच्या आजारपणात रात्रीची जागरणे तिनेच केली, आणि ती अजून रडलेली नाही.

ठाणे किंवा नवी मुंबईत मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्रितपणे अशा रुग्णांवर उपचार करतात, असे ठिकाण कोणाच्या अनुभवात आहे का? दृष्टी पूर्ववत व्हायला किती काळ लागला, आणि घरच्यांनी विषय काढावा की टाळावा, हेही कृपया सांगावे.